एक पऱ्ह्या, सड्यापासून पुळणीपर्यंत: मुलांना रान आणि किनारा शिकवताना

पऱ्ह्याकाठ (दापोली तालुका)

नमस्कार मंडळी. सुट्टीत मुलांना निसर्ग दाखवायला कुठे न्यावं, असं इथे दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतं आणि उत्तरात ठिकाणांची लांबलचक यादी येते. माझं मत थोडं वेगळं आहे. एकच जागा निवडावी, घरापासून चालत जाता येईल अशी, आणि वर्षभर तिथेच परत परत जावं. आमच्या गावात सातवी ते दहावीच्या मुलांबरोबर आम्ही काही जण हेच करतो. हा धागा त्यासाठी.

आम्ही निवडलाय एक पऱ्ह्या, म्हणजे लहान ओढा. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, कडेखाली तो सुरू होतो, देवराईतून उतरतो, नारळी-पोफळीच्या बागांना पाणी देतो, खाडीला मिळतो, आणि खाडीच्या तोंडाशी पुळण आहे. रमतगमत दोन-तीन तासांची चाल. एवढ्या अंतरात कातळ, जंगल, गोडं पाणी, मचूळ पाणी, खारफुटी आणि वाळूचा किनारा असं सगळं येतं. कोकणातल्या बहुतेक गावांना असा एखादा पऱ्ह्या असतोच, फक्त त्याच्याकडे शिकायची जागा म्हणून कुणी बघत नाही.

सुरुवात सड्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये. पहिला खेळ अगदी साधा. तांब्याभर पाणी जांभ्यावर ओतायचं, तेवढंच बागेतल्या मातीत, तेवढंच चिकणमातीवर, आणि कुठे किती वेळात मुरतं ते मोजायचं. सच्छिद्र जांभ्यातून पाणी खाली जातं, खालच्या चिकण थराशी अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. हे तांब्यातून कळलं की पऱ्ह्याला जानेवारीतही पाणी कुठून येतं हे वेगळं सांगावं लागत नाही. मग दोरीचा एक मीटर बाय एक मीटर चौकोन टाकायचा आणि आत किती प्रकारची झाडं आहेत ते गुडघ्यांवर बसून बघायचं. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू. दवबिंदूच्या चिकट केसांत अडकलेला चिलट भिंगातून पाहिलेलं मूल ते विसरत नाही. सड्यावर मातीचा थर पातळ, नत्र कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं बारीक जीव पकडून ती तूट भरून काढतात. त्याच चौकोनात एप्रिलमध्ये परत गेलं की नुसता तापलेला काळा कातळ. दोन्ही नोंदी एकाच पानावर समोरासमोर लिहायला लावायच्या.

राईत शिरताना चपला बाहेर, ही गावची रीत. इथे थर्मामीटर बोलतो. भर दुपारी सड्यावर आणि राईत किती अंशांचा फरक आहे ते मुलांनीच वाचायचं. तोच दोरीचा चौकोन इथल्या पाचोळ्यावर टाकायचा, पाचोळा चाळणीने पांढऱ्या कापडावर चाळायचा आणि काय पळतंय ते काडीने बाजूला करून बघायचं. वाणी, गोम, भुंगेऱ्यांच्या अळ्या, कधी विंचू. हात घालायचा नाही. वरचं पान अख्खं, त्याखालचं जाळीदार, त्याखालचं भुगा, आणि तळाला माती. पान कुजताना कोणकोणत्या पायऱ्यांनी उतरतं ते एका मुठीत दिसतं.

आमच्या राईत गारंबीची जुनी वेल आहे. हातापेक्षा लांब शेंग, आत चपट्या, तपकिरी, चकचकीत बिया. बीच्या आत पोकळी असल्याने ती तरंगते. पावसाळ्यात पऱ्ह्यातून खाडीत, खाडीतून दर्यात. गणपतीनंतर पुळणीवर ओंडके, नारळाच्या करवंट्या आणि प्लास्टिकच्या कचऱ्यात गारंबीची बी सापडली, तेव्हा मुलांनी ती न विचारता ओळखली. आमच्याच राईतली असेल असं म्हणता येत नाही, दुसऱ्या कुठल्या खोऱ्यातूनही आलेली असू शकते. पण राईचा आणि समुद्राचा संबंध शिकवायला मला याहून चांगली वस्तू मिळालेली नाही.

खाडीवर तीन थाळ्यांचा प्रयोग. झऱ्याचं, खाडीचं आणि समुद्राचं एकेक कप पाणी स्टीलच्या तीन थाळ्यांत, वर मच्छरदाणीचं कापड, आणि उन्हात ठेवून द्यायचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ते थाळीत पांढरे दिसतात. खाडीच्या थाळीतला थर ऑगस्टमध्ये जेमतेम दिसतो, मे महिन्यात जाड असतो. मग तिवर या खारफुटीच्या झाडाच्या पानाची खालची बाजू जिभेला लावून बघायची. खारट! तिवर मीठ पानातून बाहेर टाकतं. कांदळ मुळांशीच बरंचसं मीठ अडवतं. कांदळाच्या हातभर लांब हिरव्या काठ्या म्हणजे झाडावरच रुजलेली रोपं, हे कळल्यावर आमच्याकडचा एक मुलगा सगळ्या फांद्या तपासत बसला होता. एक सूचना मात्र आधीच द्यावी: गेवा हेही खारफुटीतलं झाड, त्याला कुणी हात लावायचा नाही. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. मोठ्या माणसाने दाखवल्याशिवाय कुठलंही पान तोंडात नाही.

पुळणीवर दोन काठ्या. दोन्ही सारख्या उंचीच्या, सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या, मध्ये दोन मीटरची दोरी. जमिनीकडच्या काठीपाशी उभ्या मुलाने समोरच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेशी जुळवायचं. ती नजर आपल्या काठीला वरून किती खाली छेदते, तेवढा त्या दोन मीटरमधला उतार. असं सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत मोजत जायचं आणि आलेखाच्या कागदावर काढायचं. मे आणि सप्टेंबरचे आलेख एकावर एक ठेवले की पावसाळी लाटांनी ओढून नेलेली वाळू दिसते. हिवाळ्यात तीच हळूहळू परत येते. किनाऱ्यावर बांधकाम कुठे करू नये, हा विषय मुलांनी यातून स्वतःहून काढला.

तुमच्याकडे काय चालतं, काय जमतं, ते लिहा. पुस्तकातल्या व्याख्या नकोत, प्रत्यक्ष हाताने केलेलं हवं.

----

मीरा_पुणे

वाचूनच निघावंसं वाटलं. पण आम्ही पुण्यात. समुद्र नाही, पऱ्ह्या नाही. सोसायटीतली पंधरा-वीस मुलं गोळा होतील. काय करता येईल?

----

टेकडीकर

मीराताई, पुण्यात ओढे भरपूर आहेत, आपण त्यांना नाले म्हणून टाकून दिलंय. रामनदीचंच बघा. भूगावच्या पुढे खाटपेवाडीकडे उगम, मग बावधन, पाषाण, आणि शेवटी मुळेला मिळते. उगमाशी आणि संगमाशी एकाच दिवशी पाणी बघितलं की मुलांना आणखी काही सांगावं लागत नाही. पाण्याला हात लावू देऊ नका, खालच्या टप्प्यात सांडपाणी आहे. बादलीला दोर बांधून पाणी काढा, पारदर्शक बाटलीत भरा, बाटलीमागे वर्तमानपत्र धरा आणि अक्षरं वाचता येतात का ते बघा. वरच्या भागात दगड उलटून खालच्या अळ्या बघता येतात. मेफ्लाय आणि कॅडिसफ्लायच्या अळ्या सापडल्या तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. नुसते लाल किडे सापडले तर कमी आहे.

आणि समुद्र आहे की. आपलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला जातं. सिंहगडाच्या माथ्यावरून अरबी समुद्र शंभरेक किलोमीटरवर असेल, पण तिथला पाऊस उलट्या दिशेने अख्खा देश ओलांडतो. मुलांना नकाशावर बोट फिरवू द्या.

----

दर्यावर्दी_हर्णै

पऱ्ह्याकाठ भाऊ, चांगलं चाललंय तुमचं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. दोन गोष्टी सांगतो.

पहिली पाण्याची वेळ. मोबाईलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं ते ठीक, पण पोरांना तिथीचा हिशोब शिकवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. द्वितीयेला दीडला भरती, साडेसातला ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, जागेप्रमाणेही फरक पडतो, पण अंदाज बरोबर येतो. खडकावरचे जीव बघायचे तर पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस धरा. उधाणाची सुकती, म्हणजे ओहोटी, लांबवर जाते आणि सकाळी सातनंतर मिळते. अष्टमीच्या भांगाला, पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, जाऊन काही दिसायचं नाही. पाणी फिरायच्या अर्धा तास आधी पोरं वर आली पाहिजेत, याला अपवाद नाही. दर्याला पाठ करून कुणी उभं राहायचं नाही.

दुसरी गोष्ट चढणीच्या माशांची. पहिल्या जोराच्या पावसात मासे पाण्याच्या धारेविरुद्ध वर चढतात, पऱ्ह्यातून शेतात, अंडी घालायला. त्या रात्री लोक बत्त्या घेऊन मासे मारायला जातात. आम्हीपण लहानपणी गेलोय, कोकणात ती मजाच असते. पण गाबोळी भरलेली मादी मारली की पुढच्या वर्षीचं पीक गेलं. तुमच्या पोरांना पहिल्या चढणीची तारीख लिहून ठेवायला सांगा, दर साली. पाऊस कधी पडला, किती दिवसांनी चढण आली, कुठल्या बांधाशी मासे अडले. कोल्हापुरी बंधारे आणि सिमेंटचे बांध झाल्यापासून बऱ्याच ठिकाणी मासा वर पोचतच नाही. ही नोंद कुठल्या ऑफिसात मिळणार नाही, पोरांनीच ठेवायला हवी.

----

पऱ्ह्याकाठ

काका, तिथीचा हिशोब वहीच्या पहिल्याच पानावर जाणार. चढणीचं तर आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या पऱ्ह्यावर खालच्या बाजूला एक बांध आहे, तिथेच बसून बघतो. रात्री मुलांना पाण्यात उतरवणार नाही, बांधावरूनच आणि पालक बरोबर असतील तरच.

----

लोकल_डबा (ठाणे)

मुंबई-ठाण्याच्या मुलांसाठी लिहिते. आमच्याकडे रान आणि खाडी दोन्ही आहेत, आणि दोन्ही लोकलच्या अंतरावर.

मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट २०१७ पासून मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर लोकांना ओहोटीत फिरवतो. हाजी अलीजवळच्या खडकांत समुद्रफुलं, स्पंज, गोगलगायीसारखे रंगीत सी स्लग, खेकडे सगळं दिसतं. माझ्या भाच्याने तिथे पहिल्यांदा समुद्रफूल मिटताना पाहिलं आणि नंतर आठवडाभर घरातल्या सगळ्यांना तेच सांगत होता. तिथला नियम मला फार आवडतो: दगड उचलला तर जसा होता तसाच परत ठेवायचा. खालची बाजू उघडी पडली तर तिथले जीव उन्हाने मरतात. काहीही घरी आणायचं नाही. पोवळी, समुद्रघोडे, समुद्री कासवं यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. किनाऱ्यावर मेलेलं पोवळं सापडलं तरी खिशात घालायचं नाही, हे मुलांना माहीत हवं.

ठाणे खाडीत फ्लेमिंगोंसाठी २०१५ साली अभयारण्य झालं आणि २०२२ साली ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे, तिथे खारफुटीतून लाकडी वाट काढली आहे. पण आमच्या गटाने फ्लेमिंगोंपेक्षा निवट्यांना, म्हणजे चिखलावर फिरणाऱ्या छोट्या माशांना, जास्त वेळ दिला. ओहोटीला चिखलावर निवट्या उड्या मारत फिरतात. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी साठवतात आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतात. मुलांनी चिखलाच्या एकाच पट्ट्यावर दर पाच मिनिटांनी निवट्या मोजल्या. पाणी चढायला लागलं तशा त्या वर सरकत गेल्या. दुर्बीण नको, तिकीट नको. शेवटी आकड्यांची एक सुंदर उतरंड कागदावर आली आणि तिचं कारण मुलांनी आपसांत भांडून शोधून काढलं.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर वारली आणि इतर आदिवासी कुटुंबं राहतात. रानभाज्यांची ओळख त्यांच्याकडून करून घ्या. शहरातून आलेल्या तज्ज्ञाला पान दिसतं. तिथल्या आजींना ते पान कधी कोवळं, कधी खाजरं, किती पाण्यात उकळायचं आणि कुठल्या उतारावर यंदा आलं नाही, हेही माहीत असतं.

----

स्पष्टवक्ता_रत्नागिरी

चांगली चर्चा आहे, पण दोन शंका मांडतो.

एक, जबाबदारी कुणाची? सड्यावर साप, पऱ्ह्याला अचानक लोंढा, समुद्रात पाकट, म्हणजे विषारी काट्याचा चपटा मासा. आमच्या भागातल्या एका शाळेच्या सहलीत एकाला पाकटाचा काटा लागला होता आणि बरोबरच्या कुणालाच काय करायचं ते माहीत नव्हतं.

दोन, फिरणं आणि मोजणं ठीक, पण त्यातून निसर्गाला काय मिळतं? आमच्याकडे एका संस्थेने शाळेच्या मुलांकडून खाडीत खारफुटीची रोपं लावून घेतली. निदान काहीतरी उभं तर राहिलं.

----

पऱ्ह्याकाठ

जबाबदारीचा प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पालकांची लेखी संमती, सात-आठ मुलांमागे एक मोठं माणूस, जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर प्रत्येकाच्या वहीत. सर्पदंशाची लस कुठल्या केंद्रात असते ते आधी विचारून ठेवायचं. डोंगरावर काळं दिसलं की पऱ्ह्यातून ताबडतोब बाहेर, कारण वर पडलेला पाऊस खाली उशिरा कळतो. पायात बूट. उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, तळाशी घासत न्यायचे, म्हणजे वाळूत दडलेला पाकट आधीच सरकतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवायचा आणि डॉक्टरकडे न्यायचं. त्या विषावर उष्णतेचा परिणाम होतो, वेदना कमी होते. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळे फुगे येतात, ब्लू बॉटल, त्यांना मेलेल्या अवस्थेतही हात नाही. शंकूच्या आकाराचे सुंदर शंख जिवंत असताना उचलायचे नाहीत. काही जातींचा दंश जीवघेणा असतो.

खारफुटी लावण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. खारफुटीला भरती-ओहोटीचं पाणी मोकळं मिळालं की ती बहुतेक ठिकाणी स्वतःच रुजते. कांदळाच्या काठ्या आणि तिवराच्या बिया पाणीच वाहून नेतं. जिथे ती उगवत नाही तिथे बहुधा कारण असतं: रस्त्याखालची पाणी जायची मोरी बुजलेली असते, भराव टाकलेला असतो, किंवा जागा इतकी खोल असते की रोप दिवसातला बराच वेळ बुडून राहतं. उघड्या चिखलाच्या पट्ट्यावर रोपं लावली तर थंडीत येणाऱ्या तुतवार-चिखल्या पक्ष्यांची खायची जागाच जाते. मुलांना रोपं लावण्याचा आनंद मिळतो हे खरं. पण त्याआधी एक वर्ष त्यांना विचारायला लावा, इथे आपोआप का उगवत नाही? आमच्या मुलांनी दोरीच्या चौकोनात दर महिन्याला रुजलेली रोपं मोजली. रस्त्याखालची मोरी गाळाने भरलेल्या बाजूला एकही नाही, मोकळ्या बाजूला दाटी. ती मोजणी घेऊन मुलं ग्रामपंचायतीत गेली. मोरी साफ झाली. रोप एकही लावलं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली खारफुटी तोडायला बंदी आणि तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा असा निकाल दिला. हेही आमच्या मुलांना तोंडपाठ आहे, कारण त्यांनी तो पट्टा टेपने मोजून बघितलाय.

----

स्पष्टवक्ता_रत्नागिरी

मोरीचं उदाहरण पटलं. आमच्या खाडीवरही रस्ता झाल्यापासून एका बाजूची तिवरं वाळतायत. जाऊन बघतो.

----

मांडवीतीर (गोवा)

आमच्या गोव्यात हे शिकवायला खाजनासारखी जागा नाही. खाडीकाठची सखल जमीन बांद घालून राखलेली, आत भात, आणि बांदाला मानस. मानशीची लाकडी दारं भरतीचा दाब आला की आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं तेव्हा उघडतात. शेकडो वर्षांचं तंत्र आहे. मुलांना सुकतीच्या वेळी मानशीवर उभं करा आणि दार हलतं तो क्षण टिपायला सांगा. घड्याळ लावून, दोन-तीन दिवस. रोज वेळ पुढे सरकते, सरासरी पन्नास मिनिटांनी. चंद्राची गोष्ट वर्गात न उच्चारता कळते.

बांदाच्या बाहेरची खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते. बांदाला बिळं पाडणारे खेकडे आतल्या शेतकऱ्याचे वैरी, तेच खेकडे खारफुटीच्या चिखलात हवा खेळवतात म्हणून तिथे हवेहवेसे. एकाच प्राण्याबद्दल दोन मतं कशी होतात हे मुलांना शेतकऱ्याशी बोलल्यावर समजतं. खाऱ्या पाण्यात टिकणारा कोरगुट भात पेरणारे आता थोडेच राहिलेत. तसे कुणी जवळपास असतील तर मुलांना रोवणीलाच न्या. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य रायबंदरहून फेरीने गाठता येतं, छोटंसं आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, पण वाट खारफुटीतूनच जाते. सकाळची ओहोटी साधा.

----

वायव्येकडची (सिअ‍ॅटल परिसर)

आमच्या इथे जंगल आणि समुद्र यांना सॅमन जोडतो. समुद्रात वाढलेला मासा आपण जन्मलो त्याच नदीत परततो, अंडी घालतो आणि मरतो. अस्वलं तो ओढून रानात नेतात, अर्धा खातात, उरलेला झाडांच्या मुळाशी कुजतो. नदीकाठच्या झाडांच्या लाकडात समुद्रातून आलेलं नत्र ओळखता येतं. काही शाळांत वर्गातल्या टाकीत सॅमनची अंडी वाढवून पिल्लं ओढ्यात सोडतात. माझ्या मुलीच्या वर्गात होतं हे. रोज पाण्याचं तापमान लिहायची पाळी लावलेली असायची आणि सुट्टीच्या दिवशी टाकी कोण बघणार यावरून मुलांची चढाओढ.

पऱ्ह्याकाठ, तुमची गारंबी वाचून तेच आठवलं, फक्त दिशा उलटी. आमच्याकडे समुद्र डोंगरावर चढतो, तुमच्याकडे डोंगर समुद्रात उतरतो. आणि हर्णैच्या काकांनी सांगितलेले चढणीचे मासे तर आमच्या सॅमनचे भाऊबंदच म्हणायचे. सासर गुहागरचं असून मी कधी बघितले नाहीत. पुढच्या वेळी जूनमध्ये यायचं ठरवतेय.

----

शिक्षिका_संगमेश्वर

राईबद्दल एक अवघड गोष्ट कुणीतरी लिहायला हवी, म्हणून लिहिते. काही देवराया अशा आहेत जिथे बायकांना, मुलींना आत जाऊ देत नाहीत. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली. पहिल्या वर्षी मुलगे आत आणि मुली कडेला, असं होण्याची वेळ आली. मी सगळ्यांनाच बाहेर थांबवलं. मग गुरवांशी आणि मानकऱ्यांशी बोलणी झाली. त्या राईत काही बदललं नाही, पण वाडीच्या दुसऱ्या बाजूला एक लहान राई आहे, तिथे सगळ्यांना परवानगी मिळाली. आता तिथली मोजणी मुलीच चालवतात आणि झाडांची यादी मानकऱ्यांनाच वाचून दाखवतात. यंदा राईतला पडलेला किंजळ विकायचा विषय निघाला, तेव्हा त्याच्या ढोलीत काय काय राहतं ते मुलींनी सांगितलं. झाड तिथेच ठेवायचं ठरलं.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यामुळे हा विषय विज्ञानाच्या नकाशावर आला. पण ज्या गावांनी त्या राखल्या त्या गावच्या मुलांना आपल्या राईत काय आहे याची यादी आजही नसते. ही यादी हवी, आणि ती गावातच राहायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं. विषय आला, पुस्तक आलं, प्रकल्पाच्या वह्या आल्या. बाजारात तयार प्रकल्पही मिळतात, चिकटवायच्या चित्रांसकट. मुलांचे हात आणि डोळे त्यात कुठेच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

----

दहावीतली_मी

मी पऱ्ह्याकाठ काकांच्या गटातली. आईच्या मोबाईलवरून लिहिते आहे. सगळ्यांनी प्रयोगांबद्दल लिहिलंय, मला कासवांबद्दल लिहायचंय.

आम्ही वेळासला गेलो होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव होतो, हे तिथल्या दादांनी सांगितलं. पूर्वी अंडी चोरीला जायची. आता पर्यटक गावात घरोघरी राहतात, म्हणून गावाला कासवं जगायला हवी आहेत. टोपलीखालून पिल्लं बाहेर येतात आणि उजेडाकडे चालायला लागतात. समुद्रावरचं आकाश जास्त उजळ असतं म्हणून ती तिकडे जातात. किनाऱ्यावर दिवे असतील तर उलटी फिरतात. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त होतात, हे ऐकून मी आमच्या पुळणीवर एक हात खोल खड्ड्यात थर्मामीटर ठेवायला लागले. सुरूच्या सावलीत एक आणि उघड्यावर एक. उघड्यावरचं नेहमी जास्त येतं. घरट्याजवळ आम्ही जात नाही, ते वनविभागाचं काम आहे.

ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे ती सगळा दक्षिण भारत वळसा घालून आली! मला हेच शिकायचं आहे पुढे.

----

दर्यावर्दी_हर्णै

शाबास बाय! जाळ्यात कासव आलं तर आम्ही जाळं कापून सोडतो. कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळायची सरकारी योजना आहे, फोटो काढून पाठवावा लागतो. तुमच्या गटाला बंदरावर घेऊन या. लिलावाला पहाटे कुठली मासळी कुठल्या महिन्यात येते ते लिहा. पिल्लू मासळी किती येते तेही लिहा. बायका सांगतील, त्यांना सगळं माहीत असतं.

----

मीरा_पुणे

टेकडीकर, आम्ही रविवारी खाटपेवाडीला जातोय. बाटली, वर्तमानपत्र, दोर, बादली, दोरीचा चौकोन. आणखी काय घ्यावं?

----

टेकडीकर

पांढरी प्लास्टिकची ट्रे, म्हणजे अळ्या नीट दिसतात. रंगाचा जुना ब्रश, अळी चिमटीत न धरता उचलायला. पेन्सिल घ्या, पेन नको, शाई भिजते. साबण आणि प्यायचं पाणी जास्तीचं.

----

पऱ्ह्याकाठ

आणि मीराताई, प्रत्येक मुलाची स्वतःची वही हवी. वर तारीख, तिथी, वेळ, आभाळ कसं आहे, गेल्या तीन दिवसांत पाऊस झाला का, एवढं आधी लिहायचं, मगच बघायला सुरुवात. नाव माहीत नसलेल्या जिवाचं चित्र काढायचं आणि आपणच काहीतरी नाव ठेवायचं, खरं नाव नंतर शोधता येतं. आमच्याकडे एका अळीचं नाव अजून 'गोणपाटवाली' आहे. परत कधी जाणार ती तारीखही त्याच पानावर खाली लिहून टाका, मुलांच्या समोरच.

काका, द्वितीयेला सकाळी आठ-दहा मुलं घेऊन बंदरावर येतो. लिलाव किती वाजता सुरू होतो?

----

दर्यावर्दी_हर्णै

होड्या लागल्या की. सहाला या. सुकती साडेसातला आहे, लिलाव बघून तसेच खडकावर जाऊ.